वॅगनआर-अल्टोचं के१०बी इंजिन: आकडे, नेहमीची दुखणी आणि जुनी गाडी घेताना काय मोजायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१३ ची पेट्रोल वॅगनआर, १ लाख १० हजार किलोमीटर चाललेली. आधीच्या मालकाने मध्यंतरी बाहेरून सीएनजी किट बसवलं होतं, आता ते काढलंय. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) गाडी थरथरते आणि सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखड येते. एका मेकॅनिकने 'इंजिन कामाला आलंय, हेड (सिलिंडरवर बसणारा इंजिनचा वरचा भाग) उतरवावं लागेल' असं सांगितलं. या इंजिनचे आकडे काय, दुखणी कोणती, आणि ही गाडी घ्यावी का?

आधी मत सांगतो, मग कारणं. मारुती सुझुकीचं के१०बी मुळात दणकट इंजिन आहे. रचनेतल्या दोषामुळे ते क्वचितच बसतं, म्हणजे निकामी होतं. बसतं ते उष्णतेने, नाहीतर ऑइलच्या हयगयीने. तुम्ही सांगितलेली दोन्ही लक्षणं हेड उतरवायला पुरेशी नाहीत. आधी मोजा, आकडा बघा, आणि मगच पाना लावू द्या. एकदा हेड उतरलं की नवं गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील), फेसिंग (हेडचा पृष्ठभाग सपाट करणं), बोल्ट ठरलेल्या जोराने आवळणं, चेनची जुळणी हे सगळं मागे लागतं, आणि बसवणारा हात कच्चा असेल तर बऱ्या इंजिनला कायमचं दुखणं जडतं.

आता आकडे. तीन सिलिंडर, ९९८ सीसी. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७३ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७९.५ मिलिमीटर, म्हणजे स्ट्रोक बोअरपेक्षा लांब. दोन कॅमशाफ्ट, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह असे एकूण १२. ब्लॉक आणि हेड दोन्ही अ‍ॅल्युमिनियमचे. ताकद ६२०० आरपीएमला ६८ पीएस, टॉर्क ३५०० आरपीएमला ९० न्यूटन मीटर. सुरुवातीच्या आवृत्तीत कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबतो) १०:१ होता, पुढे सुधारित आवृत्तीत तो ११:१ झाला. कंपनीच्या सीएनजी गाड्यांत गॅसवर हीच ताकद ५९ पीएस आणि ७८ न्यूटन मीटरपर्यंत उतरते, त्यामुळे गॅसवर पिकअप कमी वाटला तर तो बिघाड धरू नका.

२००८ मध्ये ए-स्टारबरोबर हे इंजिन आलं, २०१० मध्ये वॅगनआर आणि अल्टो के१० मध्ये, २०१४ मध्ये सेलेरियोत. २०२१ च्या नव्या सेलेरियोपासून त्याच्या जागी ड्युअलजेटवालं (दर सिलिंडरला दोन इंजेक्टर असलेलं) के१०सी यायला लागलं. जुनी गाडी घेणाऱ्याने एक फरक नीट लक्षात ठेवावा. २०१० च्या आधीच्या वॅगनआरमध्ये १०६१ सीसीचं चार सिलिंडरचं एफ१०डी होतं आणि त्याला टायमिंग बेल्ट (कॅमशाफ्ट इंजिनच्या लयीत फिरवणारा आतला पट्टा) होता. के१०बीला टायमिंग चेन आहे. तेव्हा २०१३ च्या गाडीचा विक्रेता 'टायमिंग बेल्ट नुकताच बदललाय' म्हणाला, तर त्याने बहुतेक अल्टरनेटरचा बाहेरचा पट्टा बदललेला असतो. बिल मागा आणि त्यावर नेमकं काय लिहिलंय ते वाचा.

थरथरीपासून सुरुवात करू, कारण लोक सगळ्यात जास्त घाबरतात ते तिलाच. तीन सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या (पिस्टनची वर-खाली चाल गोल फिरवणाऱ्या दांड्याच्या) पिना १२० अंशांवर असतात आणि दर २४० अंशांना एक पॉवर स्ट्रोक मिळतो. ८०० आरपीएमच्या आयडलला सेकंदाला २० धक्के बसतात. चार सिलिंडरमध्ये तेच २६-२७ होतात. धक्के कमी म्हणून प्रत्येक धक्का वेगळा जाणवतो. शिवाय पिस्टनच्या वर-खाली बळांची बेरीज शून्य होत असली, तरी पहिला आणि तिसरा पिस्टन इंजिनच्या दोन टोकांना असल्याने इंजिन लांबीच्या दिशेने डोलतं. या इंजिनात ते डोलणं मोडणारा बॅलन्सर शाफ्ट नाही. म्हणजे काही थरथर या इंजिनच्या जन्मापासूनची आहे, आणि ती पचवायचं काम रबरी माउंटिंगचं आहे. गॅरेजमध्ये त्यालाच फाउंडेशन म्हणतात.

रबर आठ-दहा वर्षांत कडक होतं, चिरतं, लोंबतं. मग निरोगी इंजिनसुद्धा स्टिअरिंग, आरसा आणि सीटमधून अंगावर येतं. तपासायला सोपं आहे. बॉनेट उघडा, जाणकार माणसाला आत बसवा, हँडब्रेक आणि ब्रेक दोन्ही धरून पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडायला सांगा, नंतर रिव्हर्समध्ये तेच. बॉनेटसमोर उभं राहू नका, बाजूने बघा. इंजिन थोडं कलणारच, पण एकदम उसळून आपटत असेल तर फाउंडेशन गेलेलं आहे. दुसरी खूण अशी: आयडलला थरथर, पण १२००-१५०० आरपीएमवर नेलं की जवळजवळ नाहीशी. मिसफायरमध्ये (एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं) असं सहसा होत नाही. तिथे एक सिलिंडर रुसल्यासारखा फट-फट लय तुटलेला आवाज सायलेन्सरच्या टोकाला ऐकू येतो आणि गाडी ओढत नाही. तीनपैकी एक सिलिंडर बंद पडला तर एक तृतीयांश काम गेलं, त्यामुळे हे लपत नाही.

मिसफायर असेल तर स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) पी०३०१, पी०३०२ किंवा पी०३०३ येतो. शेवटचा आकडा सिलिंडरचा. समजा दोन नंबर दाखवतोय. दोनची इग्निशन कॉइल तीनवर लावा, तीनची दोनवर, कोड पुसा, गाडी चालवा. कोड तीनवर सरकला तर कॉइल दोषी. जागचा हलला नाही तर प्लग अदलाबदल करून बघा, मग इंजेक्टर, आणि सगळ्यात शेवटी कॉम्प्रेशन. नवा सुटा भाग विकत घेण्याआधी ही अदलाबदल करायलाच हवी. प्लग काढताना त्याच्या खड्ड्यात ऑइल साचलंय का तेही पाहा. व्हॉल्व्ह कव्हरचं रबर कडक झालं की ऑइल तिथे झिरपतं, कॉइलचं बूट (रबरी टोपी) फुगतं आणि ठिणगी बाजूने पळते. तिथे कॉइल बदलून चार महिन्यांनी पुन्हा तेच होतं, कारण मूळ कारण म्हणजे साधं गॅस्केट तसंच राहिलेलं असतं. आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी रेटू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो आतून वितळतो.

आयडल वर-खाली होणं, एसी लावल्यावर इंजिन बंद पडायला येणं, हे बहुतेक वेळा थ्रॉटल बॉडीतला (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेतला) काजळीचा थर असतो. साफ करून आयडल पुन्हा शिकवून घेतलं की प्रश्न मिटतो. फरक पडला नाही तर इनटेकच्या बाजूच्या व्हॅक्यूम नळ्या आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह बघा. पीसीव्ही हा क्रँककेसमधले (क्रँकभोवतीच्या पोकळीतले) वायू परत इनटेककडे सोडणारा छोटा, दुर्लक्षित भाग आहे. तो तुंबला की क्रँककेसमधला दाब ऑइल सीलमधून वाट काढतो, आणि मेकॅनिक एकामागून एक सील बदलत बसतो.

आता सकाळच्या खडखडीकडे येतो. टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभर गाडी उभी राहिली की त्यातलं ऑइल थोडं उतरतं. सुरू केल्यावर दाब येईपर्यंत क्षणभर चेन सैल राहते आणि गाइडवर (तिला वळण देणाऱ्या पट्टीवर) आपटते. एखाद-दुसऱ्या सेकंदात थांबणारा आवाज जुन्या गाडीत मी धोक्याचा मानत नाही. तो चार-पाच सेकंद टिकायला लागला, किंवा गरम इंजिनावर आयडललाही यायला लागला, तर चेन लांबलेली आहे किंवा टेन्शनर थकलाय असं समजायचं.

चेन लांबते म्हणजे तिचा पोलाद ताणला जातो असं नव्हे. प्रत्येक कडीतली पिन आणि तिचं भोक झिजतं. कडीमागे केसभर झीज, आणि अशा सगळ्या कड्यांची बेरीज होऊन कॅमशाफ्ट क्रँकच्या मागे पडतो. झिजवतं कोण? काळं, काजळी भरलेलं, जुनं ऑइल. काजळीचे कण पिनांना पॉलिश पेपरसारखे घासतात. म्हणून 'चेन आयुष्यभर टिकते' हे वाक्य वेळेवर ऑइल बदलणाऱ्यासाठी खरं आहे, बाकीच्यांसाठी नाही. झीज पुढे गेली की कॅम आणि क्रँक यांचा मेळ चुकल्याचा पी००१६ सारखा कोड येऊ शकतो. चेन बदलायचीच झाली तर गाइड, टेन्शनर आणि स्प्रॉकेटसह पूर्ण सेट बदला. जुन्या स्प्रॉकेटचे दात जुन्या चेनच्या मापाने झिजलेले असतात, नव्या चेनला ते लवकर खातात.

पण आवाज चेनचाच आहे हे आधी ठरवा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर आणि मूठ कानाशी धरून, फिरते पट्टे सांभाळत, टायमिंग कव्हर, व्हॉल्व्ह कव्हर, अल्टरनेटर, एसी कॉम्प्रेसर असं क्रमाने ऐकलं की बरंच कळतं. एक्झॉस्टवरची सैल झालेली पत्र्याची हीट शील्ड हुबेहूब चेनसारखी वाजते. फॅन बेल्ट (म्हणजे अल्टरनेटरचा बाहेरचा पट्टा) दोन मिनिटं काढून इंजिन चालवलं आणि आवाज गेला, तर तो अल्टरनेटर किंवा वॉटर पंपाच्या बेअरिंगचा होता. दोन मिनिटांपेक्षा जास्त मात्र नको, कारण त्या वेळात वॉटर पंप फिरत नसतो.

ऑइलबद्दल आणखी थोडं सांगतो, कारण जुन्या के१०बीचं नशीब इथेच ठरतं. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. चेंबरमधलं (इंजिनच्या तळाच्या ऑइल टाकीतलं) ऑइल इतकं खाली गेलं की पंप हवा ओढायला लागला, तेव्हा तो लागतो. वळणावर क्षणभर लुकलुकला तर ती शेवटची सूचना समजा. तोवर क्रँकच्या बेअरिंग शेलवर ओरखडे पडायला सुरुवात झालेली असू शकते. १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, हे सर्व्हिसचं अंतर धडधाकट गाडीसाठी आहे. लाखापलीकडे गेलेली गाडी थोडं ऑइल खाते, आणि मधल्या काळात कुणी डिपस्टिक ओढली नाही तर दहा हजाराला पोचेपर्यंत चेंबरमध्ये अर्धंच उरलेलं असतं. माझा सल्ला: दर १,००० किलोमीटरला सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी पातळी बघा, आणि ऑइल ७,००० च्या आसपास बदला. शहरात रोज तीन-चार किलोमीटरच फिरणारी गाडी असेल तर किलोमीटर न बघता सहा महिन्यांनी. इतक्या छोट्या फेरीत ऑइल पुरतं तापतच नाही, त्यात पाण्याची वाफ आणि पेट्रोल मिसळत राहतं. पावसाळ्यात अशा गाडीच्या ऑइल फिलर कॅपखाली दुधाळ साय दिसते. ती दिसली की लगेच हेड गॅस्केट गेलं असं नव्हे. एकदा तासभर हायवेला चालवून आणा, कॅप पुसा, आठवड्याने पुन्हा बघा. डिपस्टिकवरचं ऑइलच चहासारखं झालं असेल, तर मात्र गोष्ट गंभीर आहे.

आवाज दाबायला जाड ऑइल टाकण्याची एक पद्धत आहे. ती मला पटत नाही. जाड ऑइल थंडीत हळू पोचतं, म्हणजे टेन्शनर आणि कॅम ज्या क्षणी उपाशी असतात तोच क्षण लांबतो. मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडमध्येच राहा. विकायला काढलेल्या गाडीत मुद्दाम जाड ऑइल भरलेलं असू शकतं, म्हणून डिपस्टिकवरचा थेंब बोटांत चोळून बघा आणि शेवटचं ऑइल कुठलं टाकलं ते विचारा.

निळा धूर कधी येतो ते बघा. सकाळी सुरू करताच एक झोत येऊन थांबला तर व्हॉल्व्हचे ऑइल सील, उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर आला तरी बहुधा तेच. चढावर, लोडवर सतत येत असेल तर पिस्टन रिंगा. पहिलं काम छोटं, दुसरं मोठं.

आणि आता उष्णता. ब्लॉक-हेड दोन्ही अ‍ॅल्युमिनियमचे असल्याने हे इंजिन हलकं आहे, लवकर तापतं, मायलेज चांगलं देतं. पण अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं आणि मर्यादा ओलांडली की मूळ आकाराला परत येत नाही. हेडचा पृष्ठभाग मिलिमीटरच्या काही शतांश भागांनी वाकला तरी गॅस्केट नीट बसत नाही. एकदा जोरदार गरम झालेली गाडी आणि कधीच गरम न झालेली गाडी, या दोन्ही ओडोमीटरवर सारख्या दिसतात. मी घेताना पहिली ८० हजार किलोमीटरची सोडून दुसरी दीड लाख किलोमीटरची घेईन.

रेडिएटरची कॅप हे साधं झाकण नाही. ती साधारण ०.९ ते १.१ बार दाब धरते, आणि त्या दाबामुळे पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. कॅपचं रबर गेलं की ही सगळी सवलत संपते. सगळं ठीक असूनही घाटात पाणी उकळून टाकीतून बाहेर येतं आणि मेकॅनिक हेडकडे बोट दाखवतो. त्यामुळे गाडी तापते म्हटलं की सुरुवात कॅपपासून करा. मग गाडी कुठे तापते ते विचारा. ट्रॅफिकमध्ये तापते आणि चालती झाली की निवळते, तर फॅन, त्याचा रिले किंवा मोटर. हायवेला ८० च्या पुढे तापते, तर पाण्याचा किंवा हवेचा प्रवाह अडतोय: रेडिएटर आतून गाळाने भरलाय, थर्मोस्टॅट (तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप) पुरता उघडत नाही, किंवा रेडिएटर आणि त्याच्या पुढचा एसी कंडेन्सर यांच्या मध्ये चिखल-किड्यांचा थर बसलाय. दोन्हीकडे तापते आणि पाणी कमी होतं, पण खाली थेंब नाही, तेव्हा गॅस्केटचा संशय घ्यायचा.

गॅस्केटची तपासणी हेड न उतरवता होते. थंड इंजिनावर कॅप काढून सुरू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत असतील, किंवा कॅप लावून सुरू केल्यावर मिनिटभरात, इंजिन तापायच्या आधीच, वरचा होज पाइप दगडासारखा टणक होत असेल, तर ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतोय. खात्रीसाठी निळ्या द्रावणाची चाचणी असते: रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढली आणि रंग पिवळा झाला की निकाल स्पष्ट. सकाळी सुरू केल्यावर अर्धा मिनिट एकच सिलिंडर चुकणं आणि त्याचा प्लग बाकीच्या दोघांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ असणं, ही फार बोलकी खूण आहे. रात्रभर पाणी त्या सिलिंडरमध्ये झिरपलेलं असतं.

एक गाडी माझ्याकडे आली तेव्हा तिचं हेड दुसरीकडे दोनदा फेसिंग होऊन बसलं होतं, आणि तरीही ती तापत होती. फॅनच्या मोटरचे ब्रश झिजले होते. थंडीत फॅन फिरायचा, तापल्यावर मध्येच अडकायचा. दोन्ही वेळा परिणाम दुरुस्त झाला, कारण तसंच राहिलं. हेड बसवून झाल्यावर गाडी सावलीत उभी करून, एसी बंद ठेवून, फॅन आपोआप लागून बंद होण्याची दोन-तीन आवर्तनं डोळ्यांनी बघितल्याशिवाय ताब्यात घेऊ नका.

थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला अजूनही दिला जातो, 'आपल्याकडे उन्हाळा आहे, त्याची गरजच नाही' असं म्हणून. तो मानू नका. थर्मोस्टॅट नसला की इंजिन योग्य तापमानाला यायला फार वेळ लागतो, ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) ते थंड वाटत राहतं आणि तो जास्त पेट्रोल सोडतो. मायलेज पडतं, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुतलं जातं, चेंबरमध्ये गाळ बनतो. तापणारी गाडी त्याने बरी होत नाही, फक्त लक्षण काही दिवस झाकलं जातं. विकाऊ गाडीत हे ओळखायला स्कॅनरवर कूलंटचं तापमान बघा: थंडीच्या सकाळी हायवेला अर्धा तास चालवूनही ते ७० च्या आसपासच घुटमळत असेल, तर थर्मोस्टॅट काढलेला आहे किंवा उघडा अडकलाय.

काही गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, फक्त लाल दिवा असतो. आणि काटा असला तरी एक धोका असतो. पाणी पूर्ण गेलं की सेन्सर कोरडा पडतो, आणि काटा वर जाण्याऐवजी खाली येऊ शकतो. तापलेली गाडी अचानक 'बरी झाली' आणि हीटरमधून गार हवा यायला लागली, तर तिथेच थांबा. तसंच बॅटरीचा दिवा लागला तर बॉनेट उघडून पट्टा बघा. या इंजिनात अल्टरनेटरचा पट्टाच वॉटर पंप फिरवतो. तो तुटलेला असताना 'चार्जिंगचं घरी जाऊन बघू' म्हणून दहा किलोमीटर चालवलं तर हेड वाकतं. तापलेल्या गाडीवर गार पाणी ओतू नका, कॅप उघडू नका. आणि एरवीही रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी नको, त्यातला क्षार आत पापुद्रे धरतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर एवढंच.

तुमच्या गाडीत माझी खरी काळजी वेगळीच आहे: बाहेरून बसवलेलं ते सीएनजी किट. पेट्रोलचे थेंब इनटेक व्हॉल्व्हला थोडी गारवट देतात, गॅस कोरडा असतो. ट्युनिंग चुकून मिश्रण लीन (हवा जास्त, इंधन कमी) राहिलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्यांच्या सीटवर ताण वाढतो आणि व्हॉल्व्ह सीटमध्ये हळूहळू रुततो. इथे भल्याभल्यांचा गोंधळ होतो. व्हॉल्व्ह रुतला की त्याचं टोक कॅमच्या दिशेने वर सरकतं, म्हणजे कॅम आणि टॅपेट (व्हॉल्व्हवरची वाटी) यांच्यातली जागा कमी होते. आवाज वाढत नाही, उलट इंजिन जास्त शांत होतं. 'टॅपेटचा आवाज नाही, म्हणजे हेड छान आहे' असं म्हणून लोक फसतात. जागा संपली की व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, गरम झाल्यावर कॉम्प्रेशन गळतं, गरम स्टार्टला त्रास होतो आणि शेवटी व्हॉल्व्हची कड जळते.

म्हणून या गाडीवर दोन मोजमापं करून घ्या. पहिलं, कॉम्प्रेशन: इंजिन गरम, तिन्ही प्लग काढलेले, इंधन आणि इग्निशन बंद, बॅटरी पूर्ण चार्ज, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. आकडा किती यापेक्षा तीन आकड्यांतला फरक महत्त्वाचा. तो १ किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) आत असावा. एखादा सिलिंडर खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. दुसरं, व्हॉल्व्ह कव्हर उघडून थंड इंजिनावर फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) बाराही व्हॉल्व्हची जागा मोजा आणि मॅन्युअलशी ताडून बघा. या इंजिनात स्क्रू फिरवून ती जागा जुळवता येत नाही, वेगळ्या जाडीचे टॅपेट बसवावे लागतात आणि त्यासाठी कॅमशाफ्ट काढावे लागतात. त्यामुळे हे काम आळसाने टाळलं जातं.

ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) बद्दलही विचारणा होते. २०१३ ची गाडी ई२० डोळ्यांसमोर ठेवून बनलेली नाही, तशा साहित्याच्या नव्या गाड्या एप्रिल २०२३ पासून आल्या. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून ई२० मध्ये ऊर्जा ६-७ टक्के कमी, आणि मायलेजमध्ये थोडी घट अपेक्षितच आहे. ती घट बघून इंजेक्टर साफ करत बसू नका. त्याऐवजी टाकीपासून इंजिनपर्यंतच्या रबरी नळ्या वाकवून बघा. चिरा किंवा पेट्रोलचा वास असेल तर लगेच बदला, हा आगीचा प्रश्न आहे. आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका. इथेनॉल ओल शोषतं, पाणी जास्त झालं की ते टाकीच्या तळाशी वेगळं होतं.

पावसाळ्यातलं एक. १०:१ कॉम्प्रेशनच्या या इंजिनात पिस्टन अगदी वर असताना त्याच्यावर जेमतेम ३७ मिलिलिटर जागा उरते, म्हणजे अडीच मोठे चमचे. त्याहून जास्त पाणी एअर फिल्टरमार्गे आत गेलं तर पिस्टन ते दाबू शकत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा चावी फिरवू नका. टो करून न्या, प्लग काढून पाणी बाहेर पडू द्या. आधीच्या मालकाकडे गाडी पाण्यात गेली होती का, हे सीटखालचा गंज आणि कार्पेटखालचा चिखल सांगतो. तीनपैकी एकाच सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी आणि ऑइल टाकूनही तसंच, पण व्हॉल्व्ह ठीक, असं असेल तर वाकलेल्या रॉडचा संशय घ्या.

तुमच्या गाडीपुरतं सांगायचं तर हा क्रम ठेवा. विक्रेत्याला सांगा, सकाळी मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. बॉनेटला हात लावून इंजिन गार आहे याची खात्री करा. ते आधीच कोमट असेल तर थंड स्टार्टचा आवाज तुमच्यापासून लपवला जातोय, दुसऱ्या दिवशी परत जा. कूलंटचा रंग, डिपस्टिक, मग स्टार्ट, खडखड किती सेकंद टिकते, धूर कुठल्या रंगाचा. मग स्कॅनर. कोड कोरे आहेत एवढ्याने भागत नाही, नुकतेच पुसलेले असू शकतात, म्हणून अर्धा तास चालवून पुन्हा बघा. मग फाउंडेशनची तपासणी, गॅस्केटची चाचणी, कॉम्प्रेशन आणि शेवटी इंजिन थंड झाल्यावर व्हॉल्व्हची जागा.

तीन सिलिंडर १ किलोच्या आत, गॅस्केटची चाचणी निळीच राहिली, खडखड तीन सेकंदांच्या आत थांबली आणि व्हॉल्व्हची जागा मापात, तर गाडी घ्या. फाउंडेशन, प्लग आणि थ्रॉटल बॉडीचं काम किमतीतून वजा करून घ्या. व्हॉल्व्हची जागा मापापेक्षा कमी पण कॉम्प्रेशन सारखं असेल, तर टॅपेटच्या कामाचा खर्च धरून बोला. कॉम्प्रेशनमध्ये फरक आणि पाण्यात बुडबुडे दोन्ही असतील, तर सोडून द्या. या गाड्या भरपूर विकल्या गेल्या आहेत, दुसरी मिळेल. विक्रेता कॉम्प्रेशन मोजूच देत नसेल तरी तेच.

घेतलीत तर पहिल्याच आठवड्यात ऑइल आणि फिल्टर, कूलंट, रेडिएटर कॅप आणि फॅन बेल्ट बदला, आधीच्या मालकाने काहीही सांगितलं असलं तरी. त्यानंतर ५०० किलोमीटरला डिपस्टिक आणि कूलंटची टाकी दोन्ही बघा आणि पातळी लिहून ठेवा. पुढच्या ५०० ला पुन्हा. या दोन नोंदींतून ऑइल किती जातंय आणि पाणी जातंय का, ते कळेल.